अल्झायमरचा रुग्ण घरी सांभाळताना : काम कसं वाटायचं, दिवस कसा लावायचा

अल्झायमरचं निदान झालं की घरात कुणी न ठरवताच सगळं एका माणसाच्या अंगावर येतं. बहुतेक घरांत ती सून असते, नाहीतर बायको, नाहीतर लग्न न झालेली मुलगी. बाकीचे फोन करून "काही लागलं तर सांग हं" म्हणतात. ती काहीच सांगत नाही. काय लागणार आहे हे पहिल्या वर्षी तिलाच ठाऊक नसतं, आणि पुढे सांगत बसण्याइतकं त्राण उरत नाही.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. त्यात सर्वांत मोठा वाटा अल्झायमरचा. यातले बहुतेक रुग्ण घरीच सांभाळले जातात. हा लेख त्या सांभाळणाऱ्या बाईसाठी (किंवा बाप्यासाठी, तेही असतात) आहे, आणि त्याहून जास्त तिला फोन करणाऱ्यांसाठी.

आधी निदानाची खात्री

विसरायला होण्याची काही कारणं उपचाराने सुधारतात. ब-१२ जीवनसत्त्व कमी असणं हे आपल्याकडे नेहमी सापडणारं कारण, विशेषतः शाकाहारी माणसांत आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेहींमध्ये. थायरॉइड, रक्तातलं सोडियम उतरणं, नैराश्य, पूर्वी कधीतरी पडल्यामुळे मेंदूभोवती साचलेलं रक्त हेही त्यातच. म्हणून न्यूरॉलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जाताना रक्ताच्या तपासण्या आणि मेंदूचा स्कॅन यांची तयारी ठेवा. ऐकू नीट येतं का तेही तपासा. कान गेलेला माणूस भांबावलेला दिसतो.

घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून न्या. सर्दीच्या, खाजेच्या, झोपेच्या, लघवीच्या काही गोळ्यांनी स्मृती आणखी ढासळते. त्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या असतातच असं नाही. कित्येक कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आलेल्या असतात.

डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, मेमँटिन या औषधांनी आजार थांबत नाही. काहींना काही काळ थोडं बरं चालतं, इतकंच. डोनेपेझिलने मळमळ, जुलाब किंवा नाडी मंद होणं असे त्रास होऊ शकतात. रात्री भयानक स्वप्नं पडू लागली तर गोळी सकाळी देता येईल का ते विचारा. अमेरिकेत २०२३ मध्ये लेकानेमॅबला आणि २०२४ मध्ये डोनानेमॅबला मंजुरी मिळाली, त्याच्या बातम्या नातेवाईक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतीलच. ही इंजेक्शनं अगदी सुरुवातीच्या टप्प्यासाठी आहेत. त्यांनी आजाराचा वेग थोडा कमी होतो, पण मेंदूला सूज येण्याचा, रक्तस्राव होण्याचा धोका असतो आणि पुन्हा पुन्हा एमआरआय करावा लागतो. आजार पुढे गेलेल्या माणसासाठी जमीन विकायला काढू नका. दुसऱ्या डॉक्टरचं मत एकदा जरूर घ्या, पाचव्याचं नको.

सही करता येते तोवर कागद

हे काम लोक लाजेने पुढे ढकलतात. "बाबा जिवंत असताना मृत्युपत्राचं कसं बोलायचं?" पण आजाराच्या सुरुवातीला बाबांना व्यवहार कळत असतो, त्यांची इच्छा त्यांना स्वतःच्या तोंडाने सांगता येते. वर्ष-दोन वर्षांनी ती सांगता येणार नाही आणि मग भावंडं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतील.

सगळ्यात मोठा गैरसमज मुखत्यारपत्राबद्दल (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी) आहे. साधं मुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की तेही संपतं. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २०१ तसंच सांगतं. म्हणजे ज्या दिवसासाठी करून ठेवलं, त्याच दिवशी ते कुचकामी. म्हणून खाती संयुक्त करा, दोघांपैकी कुणालाही किंवा हयात असलेल्याला व्यवहार करता येईल अशी. ठेवी, विमा, शेअर, सोसायटीचा फ्लॅट, सगळीकडे वारसनोंद (नॉमिनी) तपासा. मृत्युपत्र साध्या कागदावरही चालतं; पण त्याच दिवशीचं, व्यवहार समजतो असं सांगणारं डॉक्टरांचं प्रमाणपत्र सोबत ठेवा आणि साक्षीदार असे दोघे घ्या ज्यांना त्यात काही मिळणार नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण केली तर पुढची भांडणं कमी होतात. हे सगळं राहून गेलं आणि घर विकण्याची वेळ आली, तर पालक म्हणून नेमणूक व्हावी यासाठी उच्च न्यायालयात जावं लागतं. मुंबई उच्च न्यायालयाने अशा नेमणुका केल्या आहेत, पण त्यात वेळही जातो आणि पैसाही.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात आपल्या उपचारांबद्दलची इच्छा आधीच लिहून ठेवण्याची आणि आपल्या वतीने बोलणारी व्यक्ती नेमण्याची सोय आहे. वकिलाला त्याबद्दल विचारा.

पेन्शन असेल तर नोव्हेंबरचा हयातीचा दाखला लक्षात ठेवा. आता तो फोनवर चेहरा दाखवूनही देता येतो, त्यामुळे बोटांचे ठसे उमटत नसले तरी अडत नाही. जुन्या करप्रणालीने विवरण भरत असाल तर ज्येष्ठांच्या डिमेन्शियावरील उपचारखर्चाची १ लाख रुपयांपर्यंत वजावट मिळू शकते. त्यासाठी न्यूरॉलॉजिस्टचं प्रिस्क्रिप्शन लागतं. सीएला आठवण करून द्या. आणि फोनवर ओटीपी विचारणाऱ्यांसाठी असा रुग्ण म्हणजे आयतं सावज, तेव्हा यूपीआय बंद करा आणि त्यांच्या हाताशी असलेल्या खात्यात थोडेच पैसे ठेवा.

बैठक, आणि वाटणीतली मोठी चूक

निदानानंतर महिन्याभरात सगळ्या भावंडांना एकत्र बसवा. परदेशातली व्हिडिओवर येतील. बैठकीत "आपण सगळे आहोतच" हे वाक्य नको. कामं नावानिशी लिहायची : डॉक्टरांच्या भेटी आणि फाइल, औषधं आणि डायपर मागवणं, बँक आणि बिलं, रुग्णाजवळ ठेवलेल्या मावशींचा पगार आणि त्यांच्या सुट्टीच्या दिवशीची बदली, रात्रीची पाळी. प्रत्येक कामाला एकच मालक. अर्ध्या कामाची मदत घेऊन येणारा माणूस उरलेलं अर्धं समजावून सांगण्याचं आणखी एक काम घेऊन येतो.

लांबच्यांना करता येण्यासारखं पुष्कळ असतं. अमेरिकेतल्या मुलाला आईची मान पुसता येणार नाही, पण अटेंडंटचा पूर्ण खर्च, सगळी ऑनलाइन कामं आणि संध्याकाळी ठरल्या वेळी आईशी अर्धा तास गप्पा एवढं त्याने घेतलं तरी घरातली सून तेवढ्या वेळात स्वयंपाक उरकते. सल्ले मात्र त्याने आवरावेत. "तिला शब्दकोडी सोडवायला दे ना" हे वाक्य रात्री तीनदा चादर बदललेल्या बाईला ऐकवू नये.

आता वाटणीतली मोठी चूक. आपल्याकडे म्हाताऱ्या आईबापांची पाळी लावतात : चार महिने थोरल्याकडे, चार मधल्याकडे, चार धाकट्याकडे. हिशेबाला हे सरळ दिसतं, पण अल्झायमरच्या रुग्णाचे हाल होतात. घर बदललं की संडास सापडत नाही, दार उलट्या बाजूला उघडतं, रात्री उठून माणूस भिंत चाचपत राहतो. प्रत्येक मुक्कामात तो थोडा आणखी खचतो. त्यापेक्षा रुग्ण एका जागी ठेवा आणि भावंडांनी पाळीपाळीने त्या घरी राहायला या. थोरली सून दोन आठवडे माहेरी जाऊ दे, धाकट्याने रजा टाकून आईजवळ राहू दे. शिवाय दर आठवड्याला ठरलेला एक अर्धा दिवस तिचा स्वतःचा, कारण न सांगता बाहेर पडायचा. हे बैठकीतच लिहून घ्या, नाहीतर होत नाही.

भावंडांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. रुग्ण पाहुण्यांसमोर तास-दोन तास छान वागतो, जुन्या गोष्टी सांगतो, चहाला नको म्हणत नाही. रविवारी येऊन गेलेल्या नणंदेला वाटतं, "आई तर अगदी बरी आहे, वहिनीच वाढवून सांगते." खात्री करायची असेल तर एक रात्र मुक्काम करा.

घरात फिरून करायचे बदल

सुरुवात न्हाणीघरापासून. आतली कडी काढून टाका किंवा बाहेरून उघडेल अशी बसवा. कमोडजवळ आणि नळाजवळ धरायला दांडे, ओल्या फरशीवर न घसरणारं मॅट. पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर मंद दिवा. पायपुसणी आणि सुटे गालिचे उचला. चकाकणाऱ्या काळ्या फरशीचा चौकोन काहींना खड्डा वाटतो आणि ते तिथेच थबकतात; आरशातला माणूस परका वाटून कुणी त्याच्याशी भांडतं. आरशावर ओढणी टाकली की काम भागतं.

स्वयंपाक झाला की सिलिंडरचा रेग्युलेटर बंद. फिनेल, उंदराचं औषध, गोळ्यांचा डबा कुलपात. देवघरातलं निरांजन आईने लावू नये असं सांगून तिचा हक्क हिरावण्यापेक्षा तिच्या शेजारी उभं राहून लावू द्या, मग आत ठेवा. स्कूटर-गाडी बंद करायला डॉक्टरांकडून वदवून घ्या. मुलाने सांगितलं की भांडण होतं.

बाहेर निघून जाणं हे सगळ्यांत घाबरवणारं. दाराच्या वरच्या टोकाला, नजरेच्या वर एक जादा कडी लावा आणि उघडताना वाजेल अशी घंटी. मात्र रुग्ण एकटा आत असताना बाहेरून कुलूप नको. आग लागली तर तो मरेल. गळ्यातल्या लॉकेटवर किंवा मनगटावर फोन नंबर, शर्टाच्या आत शिवलेली चिठ्ठी, तुमच्या फोनमध्ये महिन्याभरातला पूर्ण उंचीचा फोटो. वॉचमन, कोपऱ्यावरचा वाणी, रिक्षा स्टँड यांना आधीच सांगा. यात लपवण्यासारखं काही नाही, आणि लपवलं तर शोधायला कुणी येत नाही. माणूस सापडेना झालं तर जवळपास शोधायला दोघं पाठवून लगेच ११२ वर फोन करा आणि पोलीस ठाणं गाठा. २४ तास थांबायचा कोणताही नियम नाही. जुनं घर, जुनं ऑफिस, नेहमीचं देऊळ इथेही कुणाला तरी पाठवा.

दिवस

ठरलेला क्रम हे अर्धं औषध आहे. चहा, आंघोळ, जेवण रोज त्याच वेळी, शक्यतो त्याच माणसाच्या हातून.

आंघोळीवरून सर्वाधिक भांडणं होतात. डोक्यावर एकदम पडणारा शॉवर भीतीदायक वाटतो; आयुष्यभर बादली-तांब्याने आंघोळ केलेल्याला बादली-तांब्याच द्या. आधी पायांवर कोमट पाणी, मग हळूहळू वर. "आंघोळ करायची का?" असं विचारू नका, उत्तर "नको" असंच येतं. "पाणी काढलंय, चला" म्हणा. एखाद्या दिवशी नाहीच झाली तर ओल्या टॉवेलने अंग पुसा आणि विषय सोडा. नऊवारी नेसणाऱ्या आजीला गाऊन घातला की ती खट्टू होते. काही काळ गाऊनवर पदरासारखी ओढणी चालते. लेंग्याची नाडी काढून इलॅस्टिक घाला, म्हणजे संडासच्या घाईत गाठ बसणार नाही. दर दोन-तीन तासांनी स्वतःहून संडासात नेलं तर डायपरची वेळ पुष्कळ लांबते.

जेवण एका वेळी एकच पदार्थ समोर ठेवून. पांढऱ्या ताटात पांढरा भात दिसत नाही, रंगीत ताट घ्या. चमचा जमेना झाला की हातात धरून खाता येईल असं द्या : थालीपीठाचे तुकडे, इडली, मऊ लाडू. कवळी सैल झाली आहे का पाहा. वजन उतरत असेल तर साय, तूप, शिरा यांचा हात आखडता घेऊ नका. साखरेचं पथ्य कितपत पाळायचं ते डॉक्टरांना पुन्हा विचारा.

दिवेलागणीला अस्वस्थपणा वाढतो. अंधार पडायच्या आधी दिवे लावा, टीव्हीवरच्या बातम्यांचा आरडाओरडा बंद करा, हाताला काम द्या. वाती वळणं, शेंगा सोलणं, मेथी निवडणं. निवडलेल्या मेथीत देठं राहिली तर नंतर गुपचूप काढा. रामरक्षा, हरिपाठ, शुभंकरोती हे लहानपणचं पाठांतर बराच काळ टिकतं. मुलाचं नाव न आठवणारी आई अभंगाची पुढची ओळ बिनचूक म्हणते. रात्रीच्या झोपेसाठी दुपारची झोप छोटी ठेवा, चारनंतर चहा बंद.

आता बोलण्याबद्दल. "आज वार कोणता?" दहाव्यांदा आलं तर फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा : आज सोमवार, दादा सात वाजता येईल. वाचता येणं पुष्कळ दिवस शाबूत राहतं. स्वतःच्याच घरात बसून "मला घरी जायचंय" म्हणाल्या तर "हेच तुमचं घर" हा वाद निरर्थक आहे. चपला घाला, खाली एक फेरी मारा, गावच्या घराबद्दल विचारा, परत या. वारलेल्या नवऱ्याबद्दल विचारत असतील तर दर वेळी "ते गेले" सांगून दर वेळी नवा शोक घडवू नका. त्यांच्याबद्दल बोलायला लावा. मात्र "गेले का गं ते?" असं नीट डोळ्यांत बघून विचारलं तर खरं सांगावं, असं माझं मत आहे.

आणि चोरीचा आळ. "माझ्या पाटल्या सुनेनेच घेतल्या." हा आजाराचा भाग आहे हे डोक्याला कळतं, मनाला लागतंच. सफाई देऊ नका. "अगंबाई, चला शोधू" म्हणून बरोबर शोधा. लपवायच्या जागा ठरलेल्या असतात : पिठाचा डबा, गादीखाली, देवघर, उशीचा अभ्रा. कचरा टाकण्याआधी चाळा. खरं सोनं लॉकरमध्ये टाका आणि तसेच दिसणारे खोटे दागिने हाताशी ठेवा. हा आळ कधीतरी येणारच आहे, हे नातेवाइकांना आधीच सांगायचं काम मुलाने करावं, सुनेने नव्हे.

एकदम बिघडलं तर

अल्झायमर महिन्यांच्या गतीने वाढतो. दोन-तीन दिवसांत माणूस एकदम गोंधळला, भ्रम होऊ लागले किंवा गुंगीत गेला, तर "आजार वाढला" म्हणून बसू नका. लघवीचा जंतुसंसर्ग, छातीतला कफ, बद्धकोष्ठ, पाणी कमी पडणं, सोडियम उतरणं, नवी गोळी, न सांगता आलेलं दुखणं किंवा कुणाच्या लक्षात न आलेलं पडणं, यांपैकी काहीतरी असतं आणि त्यावर इलाज होतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आरडाओरडा थांबवण्यासाठी रिस्पेरिडोन, क्वेटियापिन यांसारखी औषधं दिली जातात. कधीकधी ती लागतातच. पण डिमेन्शिया असलेल्या वृद्धांत त्यांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ मध्येच दिला आहे. तेव्हा विचारा : कशासाठी, किती कमी मात्रेत, आणि कधी बंद करून पाहायचं?

मावशी ठेवताना

अटेंडंट पुरवणाऱ्या सेंटरमधून येणारी प्रत्येक बाई किंवा ब्रदर डिमेन्शियाचं काम केलेले असतीलच असं नाही. आधीचा असा रुग्ण कोण होता, चिडला तर काय करता, असं विचारा. पोलीस पडताळणी करा, सेंटरशी सुट्टीची बदली लेखी ठरवा. पहिले काही दिवस घरातल्या माणसाने सोबत राहावं. कागदावर रुग्णाच्या खोडी लिहून द्या : कोणत्या नावाने हाक आवडते, चहा बशीत लागतो, डाव्या कानाने ऐकू येत नाही. मावशींना वेळेवर जेवण, बसायला जागा आणि आठवड्याची सुट्टी द्या. दंडावर काळंनिळं दिसलं किंवा त्या आल्या की रुग्ण आक्रसून बसू लागला, तर त्याच दिवशी चौकशी करा.

७० वर्षांवरच्यांना आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंत रुग्णालयातले उपचार मिळतात, पण घरच्या अटेंडंटचा खर्च त्यात बसत नाही. हा खर्च वर्षानुवर्षांचा आहे, असं धरूनच भावंडांनी महिन्याची वर्गणी ठरवावी.

पुढचा टप्पा

चालणं थांबलं की एअर मॅट्रेस, दर दोन तासांनी कूस बदलणं, आणि माकडहाड, टाचा, कुल्हे रोज डोळ्यांनी तपासणं. कातडी लाल होऊन दाबल्यावरही लालच राहिली तर जखम सुरू झाली समजा.

गिळताना ठसका लागू लागला की सरळ बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून, छोटे घास द्या. जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नका. पातळ चहापाण्याने जास्त ठसका लागतो. ते किती दाट करायचं हे स्पीच थेरपिस्टला विचारा. मग एके दिवशी नाकातून नळी घालण्याचा प्रश्न येईल. शेवटच्या टप्प्यातल्या डिमेन्शियात नळीने आयुष्य वाढतं किंवा न्यूमोनिया टळतो, असा पुरावा नाही. उलट ती उपसू नये म्हणून हात बांधण्याची वेळ येते. जितकं घेतील तितकं प्रेमाने हाताने भरवणं हा तितकाच वैद्यकीय निर्णय आहे. हे बोलणं आयसीयूच्या दाराशी करू नका. भावंडांच्या पुढच्या एखाद्या बैठकीत, घाई नसताना, डॉक्टरांना फोनवर घेऊन करा आणि ठरलेलं लिहून ठेवा. नाहीतर ऐन वेळी लांबून आलेला भाऊ "सगळं करा" म्हणतो आणि वर्षानुवर्षं भरवणारी बाई गप्प बसते.

तिच्यासाठी

तिचं स्वतःचं बीपी, साखर, गुडघे यांची तपासणी भावंडांपैकी एकाने वर्षातून दोनदा करवून आणावी, "जाऊन ये" म्हणू नये. झोप उडणं, सारखं रडू येणं, रुग्णावर हात उगारला जाणं ही तातडीची लक्षणं आहेत. तेव्हा त्याच आठवड्यात रात्रीची पाळी दुसऱ्याने घ्यायची.

अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९९२ पासून केरळमधून सुरू होऊन देशभर काम करते. जवळची शाखा किंवा स्वमदत गट शोधा. गटात पहिल्यांदा नवऱ्याने जावं, म्हणजे घरात रोज काय चालतं ते त्याला इतरांच्या तोंडून ऐकू येईल. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७, सकाळी ८ ते रात्री ८. मन हलकं करायला किंवा सल्ल्याला टेली-मानस १४४१६, दिवसरात्र, मराठीतही. हे दोन्ही नंबर फ्रिजवर चिकटवा. आणि पुढच्या वेळी फोन कराल तेव्हा "काही लागलं तर सांग"ऐवजी "शनिवारी दहा ते सहा मी येतोय, तू कुठे जाणार?" असं विचारा.